फटफटीची नाडीपरीक्षा

आमच्या तीर्थरूपांनीं १९६८ सालीं घेतलेली बुलेट फटफटी अद्यापि पडवींत उभी आहे. ती मोडींत घालण्याची गोष्ट निघाली कीं मातुश्री पानावरून उठतात! हें वाहन मूळ इंग्लंडांतील. १९५५ सालीं मद्रासेस त्याचा कारखाना निघाला. इंजिनाची रचना साधी आहे : एकच सिलिंडर, व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धांव ९० मिलिमीटर, आकारमान ३४६ घनसेंटिमीटर.

गेल्या वर्षीं चढावर तिला दम लागूं लागला व मागें निळसर धूर दिसूं लागला. धाकट्या बंधूंनीं घाईनें नव्या रिंगा बसविल्या. चार महिन्यांत धूर पुन्हां सुरू! मग एका कारागिरानें ‘सरळ बोअर करून टाका’ असा सल्ला दिला. बोअर करणें म्हणजे सिलिंडरची आंतील भिंत कापून त्याचा व्यास वाढविणें. परंतु मोठे पिस्टन मिळतात ते सामान्यतः मूळ मापाहून इंचाच्या २०, ४० व ६० हजारांशांनींच मोठे. अर्थात् ही शस्त्रक्रिया तीनदांच करतां येते. कापलेलें लोखंड परत येत नाहीं. म्हणून शस्त्र धरण्यापूर्वीं नाडी पाहावी, असें आम्हीं ठरविलें.

प्रथम लक्षणें पाहावीं. काळा धूर पेट्रोल जास्त जळत असल्याचा, तर निळा धूर वंगणाचें तेल जळत असल्याचा. मूठ बंद ठेवून उतार उतरल्यावर पुन्हां वेग देतांच निळा लोट उठला, तर व्हॉल्व्हच्या गाईडवर संशय घ्यावा. चढावर तो सतत येत असेल, तर रिंगा व सिलिंडर यांजवर. इंजिन थंड असतां पोकळ ठकठक व्हावी आणि तापल्यावर ती कमी व्हावी, हें पिस्टन सैल झाल्याचें चिन्ह होय. भार पडतांच खालून जड ठोका येऊं लागला, तर कनेक्टिंग रॉडचें खालचें बेअरिंग झिजलें असावें.

दुसरी परीक्षा दाबाची. प्लग काढून त्या जागीं दाबमापक लावावा, मूठ पूर्ण उघडावी आणि किका माराव्या. नंतर चमचाभर तेल सिलिंडरांत सोडून पुन्हां मोजावें. तेलानें रिंगांभोंवतालच्या फटी तात्पुरत्या बुजतात. म्हणून कांटा पुष्कळ वर चढला तर दोष रिंगांचा किंवा सिलिंडरचा, न चढला तर बहुधा व्हॉल्व्हचा. आमचा कांटा चांगलाच चढला.

तेव्हां सिलिंडर उतरविला. रॉड ताठ धरून वरखालीं ओढून पाहिला. त्याची आडवी हालचाल थोडी असावी. उभी मुळींच जाणवूं नये. सुदैवानें ती नव्हती. नाहींतर वरचा सर्व खर्च पाण्यांत गेला असता. मग सिलिंडरचा व्यास वर, मध्यें व खालीं, प्रत्येक ठिकाणीं पुढून मागें आणि आडवा असा मोजला. जेथें उष्णता व दाब अधिक आणि तेलाचा थर पातळ, त्या वरच्या भागांतच झीज अधिक होते. तेथें बोटाला पायरी लागते. शिवाय पिस्टन पुढेंमागें रेटला जात असल्यानें भोंक लंबगोल होतें. अशा भिंतीशीं नवी रिंग चोहोंकडून भिडावी कशी? बंधूंच्या रिंगा कां निकामी ठरल्या, हें तेव्हां उमगलें.

पिस्टनच्या माथ्यावर ४० हा आंकडा होता. म्हणजे दोन कापण्या पूर्वींच झालेल्या. आतां ६० ही शेवटची! पण आतां ती करणें प्राप्त होतें, अंदाजाची नव्हती. आम्हीं पिस्टन आधीं आणला, व त्याच्या मापानें सिलिंडर कापविला. रिंग सिलिंडरांत सरळ बसवून तिच्या टोंकांतील फट मोजली. दर इंच व्यासास सुमारें ४ हजारांश या हिशेबानें ती ११ हजारांशांच्या आसपास हवी.

गाडी आज चढ सुखानें चढते. पुढच्या खेपेस मात्र नवी स्लीव्ह ठोकावी लागेल. धाकटे बंधु आतां पान्याआधीं मापक मागतात, हा या दुरुस्तीचा दुसरा लाभ होय.