पुसलेली नोंद आणि उरलेल्या खुणा : संगणकातील बदलांचा इतिहास

संहितेचा इतिहास शोधण्याची पद्धत केवळ पोथ्यांपुरतीच लागू पडते, असा आपला समज असेल, तर या भागात तो थोडा सैल करावा लागेल. जळगावजवळच्या असोद्यासारख्या गावात घरच्या संगणकावर स्वाध्याय लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाही कधीकधी पाठचिकित्सकाचे काम करावे लागते.

एक परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. 'मंगल' या टंकात लिहिलेला बारा पानांचा स्वाध्याय एके दिवशी तेरा पानांचा दिसू लागतो. ओळी भलतीकडे तुटतात, अक्षरांचे वळण निराळे वाटते. लिहिणाऱ्याने तर काहीच बदललेले नसते. अशा वेळी संगणकप्रणालीच्या अद्ययावतीकरणाचा, म्हणजे आपण सर्वजण ज्याला 'अपडेट' म्हणतो त्याचा, संशय येतो. हा संशय निराधार नाही. विंडोज 2000 पासून देवनागरीसाठी मंगल हा टंक मिळू लागला. 2012 मध्ये विंडोज 8 बरोबर 'निर्मला यूआय' आला. आणि विंडोज 10 मध्ये मंगल हा सर्वांना आपोआप न मिळणारा, ऐच्छिक भाग ठरला. ज्या संगणकात मराठी किंवा हिंदी ही भाषा जोडलेली नसेल, तेथे तो नसण्याचा संभव असतो. मग प्रणाली दुसरा टंक वापरते आणि पानांचा हिशेब चुकतो.

खात्री करण्यासाठी विद्यार्थी 'सेटिंग्ज'मधील 'विंडोज अपडेट' आणि त्याखालील 'अपडेट हिस्टरी' उघडतो, तर ती यादी कोरी! येथे घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र नोंद आणि घटना यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. ती यादी 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन' नावाच्या फोल्डरमधील एका माहितीसाठ्यावरून तयार होते. अपडेट अडकले की हा फोल्डर काढून टाकण्याचा सल्ला दुरुस्ती करणारे सर्रास देतात. तसे केल्यावर यादी जाते, पण बसवलेले बदल जागच्या जागी राहतात. विंडोजची मोठी नवी आवृत्ती बसवल्यानंतरही ही यादी बहुधा नव्याने सुरू होते. फोल्डर काढून न टाकता केवळ त्याचे नाव बदलले असेल, तर जुना साठा अजून हाताशी असतो. परंतु तो परत आणताना मधल्या काळातील नोंदी यादीतून जातात. म्हणून माझ्या मते तो प्रयत्न करण्यापेक्षा अन्य साक्षी गोळा करणे शहाणपणाचे.

पहिली साक्ष प्रणालीच्या क्रमांकाची. स्टार्टच्या शोधपट्टीत 'विनव्हर' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहिली की आवृत्ती आणि 'बिल्ड' क्रमांक दिसतो. हस्तलिखिताच्या शेवटच्या पुष्पिकेत लेखनकाळ सापडावा, तसाच हा क्रमांक. कोणत्या दिवशीच्या अपडेटने कोणता बिल्ड क्रमांक येतो, हे मायक्रोसॉफ्ट जाहीर करत असल्याने संगणक कोठवर पोहोचला आहे ते निश्चित होते.

दुसरी साक्ष बसवलेल्या अपडेटच्या यादीची. तिच्यावर मात्र फार विसंबू नये. आजची मासिक अपडेट संचयी असतात. नवे आले की जुने त्यात सामावते आणि यादीतून नाहीसे होते. शके 1506, म्हणजे इ. स. 1584 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, त्याची येथे आठवण व्हावी. शुद्धीकरण केल्याचे आणि त्याचा शक त्यांनी अखेरच्या ओव्यांत नोंदवले. कोणत्या ओवीत कोणता शब्द बदलला, याची यादी मात्र ठेवली नाही. परिणाम हाती आहे, पायऱ्या नाहीत.

पायऱ्यांसाठी तिसरी साक्ष हवी, आणि ती सर्वांत मोलाची. शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' हा शब्द इंग्रजीत लिहिल्यास दिवसवार आलेख उघडतो. त्यात गेल्या काही आठवड्यांतील यशस्वी आणि फसलेली अपडेट तारखेखाली दिसतात. याहून तपशीलवार नोंद 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये असते : 'विंडोज लॉग्ज'खालील 'सिस्टिम' विभागात विंडोज अपडेटच्या नावावर 19 क्रमांकाची घटना म्हणजे अपडेट बसले, 20 क्रमांकाची म्हणजे फसले. या रोजनिशीचा आकार मर्यादित असतो. ती भरली की सर्वांत जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. म्हणून यादी कोरी दिसताच ही रोजनिशी वेगळ्या नावाने जतन करावी, इतर खटपटी नंतर. मोठी आवृत्ती बदलल्यावर मागची प्रणाली 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरात ठेवलेली असते, पण साधारणपणे दहा दिवसांनी तीही काढली जाते.

संगणक या खुणा आपल्यासाठी ठेवत नाही; त्याच्या कामाच्या ओघात त्या राहून जातात. मौखिक संहितेला ही सोय नसते. असोद्याच्या लेक बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करताना त्या गात. सोपानदेव चौधरी या त्यांच्या कवी पुत्राने आणि एका आप्ताने काही गाणी टिपून ठेवली. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या आणि 1952 मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. एखादे गाणे टिपले जाण्यापूर्वी जात्यावर कितीदा आणि कसे बदलले, हे कोणत्याही साधनाने परत मिळणार नाही. तेथे पुसलेली यादी नाही. यादी कधी नव्हतीच.

मूळ प्रश्नाकडे वळू. अपडेटची तारीख आणि स्वाध्याय बिघडल्याची तारीख जुळली, एवढ्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. 'सेटिंग्ज'मधील फाँटच्या यादीत मंगल आहे का, हे आधी पाहावे. नसल्यास ऐच्छिक भागांतून देवनागरीचे पूरक टंक बसवावेत आणि स्वाध्याय पुन्हा उघडावा. पाने बारा झाली, तर टंकाचा अभाव हेच कारण. तेरा राहिली, तर समास किंवा कागदाचा आकार तपासावा लागेल.

कृती : आपल्या किंवा शेजाऱ्यांच्या संगणकावरील बिल्ड क्रमांक, बसवलेल्या अपडेटची यादी, दिवसवार आलेख आणि 19 क्रमांकाच्या घटना यांच्या नोंदी वहीत चार रकान्यांत मांडा. जेथे दोन रकाने जुळत नाहीत, तेथे कोणता ग्राह्य धरला आणि का, हे समासात लिहा.