प्लग-इन हायब्रिड मोटारगाडी

'''प्लग-इन हायब्रिड मोटारगाडी''' ही इंधनावर चालणारे इंजिन आणि विद्युत मोटर अशी दोन्ही साधने असलेली, तसेच जिची बॅटरी बाहेरील वीजजोडणीवरून चार्ज करता येते अशी मोटारगाडी होय. थोडे अंतर ती केवळ विजेवर कापू शकते आणि बॅटरी उतरल्यावर पेट्रोल किंवा डिझेलवर पुढे चालते. युरोपात हे तंत्रज्ञान मुख्यतः कंपन्यांचे अधिकारी वापरतात त्या एक्झिक्युटिव्ह श्रेणीतील गाड्यांत रुजले. भारतात मात्र ते अतिमहागड्या आयात गाड्यांपुरतेच राहिले आहे. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण हा औद्योगिक पट्टा मोटारनिर्मिती, वाहनचाचणी आणि अधिकारीवर्गाचा दैनंदिन प्रवास या तिन्ही दृष्टींनी या विषयाशी निगडित आहे.

== रचना व कार्यपद्धती ==

साध्या हायब्रिड गाडीची बॅटरी लहान असते. ती इंजिनातून आणि ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या ऊर्जेतून भरली जाते, म्हणजेच तिची सारी ऊर्जा अखेर पेट्रोलातूनच येते. पूर्णतः विद्युत गाडीत इंजिन नसते. प्लग-इन हायब्रिड या दोहोंच्या मधली आहे. तिची बॅटरी बहुधा ९ ते ३० किलोवॅट-तास (युनिट) क्षमतेची असते आणि तिला चार्जिंगसाठी स्वतंत्र सॉकेट असते.

अशा गाडीत सामान्यतः तीन प्रकारे चालवण्याची सोय असते. विद्युत प्रकारात इंजिन बंद राहते. हायब्रिड प्रकारात संगणकीय नियंत्रण वेग, चढ आणि बॅटरीची स्थिती पाहून इंजिन व मोटर यांत काम वाटून देते. राखीव प्रकारात बॅटरीतील वीज पुढील टप्प्यासाठी, उदाहरणार्थ शहरातील गर्दीसाठी, शिल्लक ठेवली जाते. श्कोडा सुपर्ब आयव्ही ही या रचनेची नमुनेदार एक्झिक्युटिव्ह गाडी होय. तिच्यात १.४ लिटरचे पेट्रोल इंजिन, ८५ किलोवॅटची मोटर आणि १३ किलोवॅट-तासांची बॅटरी होती. ही गाडी इ.स. २०१९ मध्ये युरोपात सादर झाली.

== इतिहास ==

मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेली पहिली प्लग-इन हायब्रिड मोटारगाडी म्हणून चीनमधील बीवायडी कंपनीच्या एफ३डीएम या गाडीचा उल्लेख केला जातो. ती डिसेंबर २००८ मध्ये बाजारात आली. त्यानंतर २०१० च्या अखेरीस अमेरिकेत शेव्हरोले व्होल्ट, २०१२ मध्ये टोयोटा प्रियसची प्लग-इन आवृत्ती आणि २०१३ मध्ये मित्सुबिशी आउटलँडर या गाड्या आल्या.

=== पुण्यातील रेव्होलो प्रकल्प ===

भारतातील या तंत्रज्ञानाचा एक आरंभीचा प्रयत्न पुण्यात झाला. केपीआयटी कमिन्स (नंतरची केपीआयटी टेक्नॉलॉजीज) आणि भारत फोर्ज या कंपन्यांनी जून २०१० मध्ये 'रेव्होलो' ही प्रणाली जाहीर केली. नवी गाडी बनवण्याऐवजी रस्त्यावरील जुन्या गाडीलाच मोटर, बॅटरीसंच व नियंत्रक बसवून तिचे प्लग-इन हायब्रिडमध्ये रूपांतर करणे, ही या प्रकल्पाची मूळ कल्पना होती. मोटर इंजिनाच्या जोडीने काम करील आणि इंधनाच्या उपयोगात ४० टक्क्यांहून अधिक सुधारणा होईल, असा कंपन्यांचा दावा होता. मोटारगाड्यांच्या बाजारात ही प्रणाली रुजली नाही. पुढे हेच नाव विद्युत बसच्या तंत्रज्ञानाशी जोडले गेले आणि डिसेंबर २०१५ मध्ये संसद सदस्यांच्या वाहतुकीसाठी या तंत्रज्ञानावरील विद्युत बस सादर करण्यात आली.

== भारतातील उपलब्धता ==

भारतात विक्रीस आलेल्या प्लग-इन हायब्रिड गाड्यांत बीएमडब्ल्यू आय८ (२०१५), व्होल्वो एक्ससी९० टी८ (२०१६), बीएमडब्ल्यू एक्सएम (२०२२) आणि मर्सिडीज-एएमजी एस ६३ ई परफॉर्मन्स (२०२४) यांचा समावेश होतो. यांपैकी एक्सएमची सादरीकरणावेळची किंमत २.६० कोटी रुपये, तर एस ६३ ची ३.३० कोटी रुपये होती. युरोपात कंपनीच्या व्यवस्थापकाला मिळणारी मध्यम किमतीची प्लग-इन हायब्रिड सेडान भारतीय बाजारात जवळपास आलीच नाही.

=== करआकारणी ===

या स्थितीमागे करव्यवस्थेचा मोठा वाटा आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा मोठ्या हायब्रिड गाड्यांवर २८ टक्के कर व १५ टक्के उपकर मिळून ४३ टक्के भार पडला. विद्युत वाहनांवरील कर मात्र १ ऑगस्ट २०१९ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर रद्द होऊन मोठ्या हायब्रिड गाड्यांसाठी ४० टक्के दर ठरला, विद्युत वाहनांचा ५ टक्के दर कायम राहिला. म्हणजे रोज घरच्या विजेवर चालणारी प्लग-इन हायब्रिड गाडीही कराच्या दृष्टीने मोठ्या पेट्रोल गाडीच्याच पंक्तीत बसते.

केंद्र सरकारच्या फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात (एप्रिल २०१९ पासून) चारचाकी वाहनांच्या अनुदानासाठी कारखाना-किंमत १५ लाख रुपयांपर्यंत असण्याची अट होती. त्यामुळे महागड्या गाड्या आपोआप वगळल्या गेल्या. महाराष्ट्राच्या २०२१ मधील विद्युत वाहन धोरणाचा भरही पूर्णतः बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांवर होता. हिरवी क्रमांकपट्टी हीदेखील बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांची ओळख आहे.

== पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा ==

पिंपरी-चिंचवडमध्ये टाटा मोटर्सचा आणि आकुर्डीत बजाज ऑटोचा कारखाना आहे. खेड तालुक्यातील चाकण औद्योगिक क्षेत्रात फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्रा यांचे कारखाने आहेत. फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्याचे उद्घाटन मार्च २००९ मध्ये झाले. मर्सिडीज-बेंझने भारतातील जोडणी १९९५ मध्ये पिंपरीत टाटांच्या आवारात सुरू केली आणि २००९ मध्ये ती चाकणला हलवली. जग्वार लँड रोव्हरच्या गाड्यांची जोडणी २०११ पासून पिंपरी-चिंचवड परिसरात होते. वाहनांना प्रमाणपत्र देणारी एआरएआय ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था पुण्यात असून तिचे एक केंद्र चाकणला आहे. हायब्रिड वाहनांच्या प्रकार-मान्यतेसाठी एआयएस-१०२ हे मानक वापरले जाते.

या पट्ट्यातील उत्पादकांनी विद्युतीकरणात प्लग-इन हायब्रिडचा टप्पा बहुतांशी ओलांडून थेट पूर्ण विद्युत वाहनांकडे झेप घेतली. मर्सिडीज-बेंझची ईक्यूएस ५८० ही विद्युत सेडान सप्टेंबर २०२२ मध्ये चाकण येथील जोडणीसह सादर झाली. महिंद्राच्या बीई ६ व एक्सईव्ही ९ई या विद्युत गाड्याही चाकणला बनतात.

== चार्जिंग ==

=== घरातील चार्जिंग ===

प्लग-इन हायब्रिडची बॅटरी लहान असल्याने तिला मोठ्या चार्जरची गरज नसते. एस ६३ ची बॅटरी १३.१ किलोवॅट-तासांची असून गाडीतील चार्जर ३.७ किलोवॅटचा आहे. अपव्यय धरून ती सुमारे चार तासांत पूर्ण भरते. साध्या १६ अँपिअरच्या तीन-पिन सॉकेटवर १० अँपिअर प्रवाह घेतल्यास सुमारे २.३ किलोवॅट शक्ती मिळते आणि तेच काम सहा-साडेसहा तासांत, म्हणजे एका रात्रीत होते.

सॉकेट साधे असले तरी त्यावरील भार साधा नसतो. गिझर अर्ध्या तासात बंद होतो, गाडी मात्र सलग कित्येक तास तेवढाच प्रवाह ओढते. त्यामुळे सैल पिन, बारीक तार किंवा विस्तार-बोर्ड तापून वितळण्याचा धोका असतो. मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र तार, योग्य क्षमतेचा एमसीबी, गळती-प्रवाह ओळखून वीज तोडणारे आरसीसीबी उपकरण आणि खात्रीचे अर्थिंग या चार गोष्टी आवश्यक मानल्या जातात. घराचा मंजूर वीजभार अपुरा असल्यास तो महावितरणकडून वाढवून घ्यावा लागतो. तळघरातील पार्किंगमध्ये पावसाळ्यात पाणी शिरत असेल तर सॉकेट उंचीवर बसवणे हिताचे ठरते.

=== गृहनिर्माण संस्थांमधील प्रश्न ===

निगडी प्राधिकरणातील बंगल्यात मीटर आणि गाडी शेजारी-शेजारी असतात. वाकड, पिंपळे सौदागर, मोशी किंवा चऱ्होली येथील बहुमजली संकुलांत मात्र सदनिकेचा मीटर एका ठिकाणी आणि पार्किंगची जागा दुसऱ्या ठिकाणी असते. संस्थेच्या सामाईक मीटरवरून वीज घेतल्यास खर्चाची वाटणी हा वादाचा विषय होतो. सदनिकाधारकाच्या स्वतःच्या मीटरवरून तार नेणे हा त्यावरील सरळ उपाय आहे, पण त्यासाठी सामाईक भिंती व डक्टमधून तार नेण्याची संस्थेची परवानगी लागते.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वाहनमालक आपल्या निवासस्थानी किंवा कार्यालयात अस्तित्वात असलेल्या वीजजोडणीवरून वाहन चार्ज करू शकतो. आदर्श इमारत उपविधींत फेब्रुवारी २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीत नव्या इमारतींतील २० टक्के पार्किंग चार्जिंगयोग्य ठेवण्याची तरतूद सुचवली गेली. जुन्या संकुलांचा प्रश्न मात्र सर्वसाधारण सभेच्या सामंजस्यावरच अवलंबून राहतो.

=== वीजदर ===

महावितरणचा घरगुती वीजदर टप्प्यांत वाढतो: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाने गाडीसाठी रोज १० युनिट प्रमाणे २५ दिवसांत २५० युनिट अधिक घेतले, तर एकूण वापर ४५० युनिट होतो आणि त्यातील १५० युनिटांना वरच्या टप्प्याचा दर लागतो. म्हणून चार्जिंगचा खर्च सरासरी दराने न मोजता या वाढीव युनिटांच्या दराने मोजावा लागतो.

स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत लागू झाली. नोकरदाराची गाडी नेमकी या वेळेत कारखान्याच्या आवारात उभी असते, त्यामुळे घरी तिचा लाभ मुख्यतः सुट्टीच्या दिवशी मिळतो. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. पण पुणे परिसरात वीजयंत्रणेच्या देखभालीसाठी पुरवठा बंद ठेवला जातो तोही बहुधा गुरुवारीच. त्यामुळे दिवसाच्या चार्जिंगवर पूर्ण विसंबता येत नाही. अशा वेळी गाडीत पेट्रोलचे इंजिन असणे हा या प्रकाराचा मोठा आधार ठरतो.

=== सार्वजनिक चार्जिंग ===

बहुतेक प्लग-इन हायब्रिड गाड्या टाइप २ जोडणीने प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहच घेतात. जलद डीसी चार्जिंगची सोय थोड्याच गाड्यांत असते. त्यामुळे महामार्गावरील सीसीएस२ जलद चार्जर त्यांच्या फारसे कामाचे नाहीत. दोन्ही प्रकारच्या जोडण्या असलेल्या ठिकाणी प्लग-इन हायब्रिडने जागा अडवल्यास, पेट्रोलचा पर्याय नसलेल्या पूर्ण विद्युत गाडीची अडचण होते.

== दैनंदिन वापर ==

निगडीहून तळवडेमार्गे चाकण औद्योगिक क्षेत्र सुमारे २० ते २५ किमी अंतरावर आहे. जाऊन-येऊन ४० ते ५० किमी होतात. एस ६३ चा केवळ विजेवरील पल्ला युरोपीय चाचणीनुसार सुमारे ३३ किमी आहे, म्हणजे कार्यालयात चार्जिंग नसेल तर परतीच्या वाटेत इंजिन सुरू होणारच. ६० ते ८० किमी पल्ल्याच्या गाडीला मात्र हा फेरा एका चार्जमध्ये झेपतो. पुणे–नाशिक महामार्गावरील चाकणच्या कोंडीत विद्युत मोटरचा लाभ सर्वाधिक दिसतो. थांबत-थांबत चालताना इंजिनाचे इंधन वाया जाते, तर मोटर थांबलेल्या गाडीत ऊर्जा घेत नाही. वातानुकूलन यंत्र मात्र चालू राहत असल्याने उन्हाळ्यात पल्ला घटतो.

मुंबईकडे जाताना खंडाळ्याच्या घाटात गाडी सुमारे ५५० मीटर खाली उतरते. दोन टन वजनाच्या गाडीच्या बाबतीत ही स्थितिज ऊर्जा सुमारे ३ युनिट भरते. हवेचा रोध व घर्षण वजा जाता तिचा काही भागच ब्रेकमधून बॅटरीत परत येतो. बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर तोही येत नाही. म्हणून घाटमाथ्यापर्यंत बॅटरीतील वीज वापरणे आणि उतारावर ती पुन्हा साठवणे लाभाचे ठरते.

गाडी महिनोन्‌महिने केवळ विजेवर चालवल्यास टाकीतील पेट्रोल जुने होते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषून घेत असल्याने ही बाब अधिक महत्त्वाची आहे. काही गाड्या त्यामुळे ठराविक काळाने इंजिन आपोआप सुरू करतात. इंजिनाचे तेल व फिल्टर बदलण्याचा खर्चही सुटत नाही.

== खर्च व पर्यावरणीय परिणाम ==

उदाहरणादाखल, भिंतीतील सॉकेटपासून मोजल्यास १०० किमीला २२ युनिट आणि पेट्रोलवर ८ लिटर इंधन लागते असे धरू. युनिटला १२ रुपये व पेट्रोलला लिटरमागे १०५ रुपये दर मानल्यास विजेवरील खर्च २६४ रुपये, तर पेट्रोलवरील ८४० रुपये येतो.

कार्बन उत्सर्जनात मात्र एवढी तफावत नाही. भारतातील वीज मुख्यतः कोळशावर निर्माण होते आणि एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. या हिशेबाने विजेवरील १०० किमीमागे सुमारे १५ किलो, तर ८ लिटर पेट्रोल जळून सुमारे १८ किलो उत्सर्जन होते. छतावरील सौरऊर्जेतून चार्जिंग केल्यास विजेवरील आकडा झपाट्याने खाली येतो. शहरातील रस्त्यावर धूर न सोडणे हा लाभ दोन्ही स्थितींत मिळतो.

== टीका ==

या गाड्यांवरील मुख्य आक्षेप असा की, त्या चार्ज न करताही चालतात आणि म्हणून पुष्कळदा चार्ज केल्याच जात नाहीत. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे रस्त्यावरील प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट आढळले. आयसीसीटी व फ्राउनहोफर या संस्थांच्या २०२२ मधील अभ्यासात खासगी मालकांच्या गाड्या सुमारे ४५ ते ४९ टक्के अंतर विजेवर चालल्या, तर कंपनीच्या गाड्यांत हे प्रमाण ११ ते १५ टक्केच होते. कंपनी पेट्रोलचे पैसे देते आणि घरच्या विजेचे बिल मात्र कर्मचाऱ्याच्या खिशातून जाते, हे त्यामागील एक कारण मानले जाते.

अधिकाऱ्यांना कंपनीतर्फे गाडी देण्याची पद्धत पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातही आहे, त्यामुळे हा निष्कर्ष येथेही लागू पडण्याजोगा आहे. बॅटरी न भरता चालवलेली प्लग-इन हायब्रिड गाडी बॅटरी व मोटरचे काही क्विंटल जादा वजन वाहणारी पेट्रोल गाडीच ठरते. कार्यालयाच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय आणि घरच्या विजेची भरपाई या दोन गोष्टींवर तिची उपयुक्तता इंजिनाच्या तंत्रापेक्षाही अधिक अवलंबून असते.

== हेही पाहा ==

* विद्युत वाहन
* हायब्रिड वाहन
* चाकण
* पिंपरी-चिंचवड
* महावितरण