परीक्षा होणार की नाही? लॉकडाऊनमधल्या मुलांच्या मनावरचं ओझं

विठ्ठलवाडीहून कल्याण, मुंबईच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलांसाठी लोकल म्हणजे अर्धं कॉलेजच. मार्च 2020 मध्ये ती बंद झाली आणि छोट्या घरांत सगळेच अडकले. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे हाल जास्त झाले. मेअखेर राज्य सरकार म्हणाले, परीक्षा नाही. 6 जुलैला यूजीसीने सांगितले, सप्टेंबरअखेर घ्याच. 28 ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. अखेर मुंबई विद्यापीठाची परीक्षा ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन झाली.

अभ्यास करावा तर कशासाठी, सोडावा तर कसा? अशा अधांतरी अवस्थेत मन फार थकते. झोप उडते, चिडचिड वाढते, मित्रांचे फोन घेणेही नकोसे होते. अम्मी-अब्बूंना मात्र दिसतो तो आळस: "दिवसभर मोबाइल, फजरला उठायचं नाव नाही!"

"नमाज पढ, बरं वाटेल" हे सांगणे चुकीचे नाही. पण ताप आला की आपण दुआही करतो आणि डॉक्टरकडेही जातो ना? मनाच्या आजाराला मात्र "लोक काय म्हणतील, मुलीचं स्थळ मोडेल" म्हणून लपवतो. उदासी दोन आठवडे हटली नाही तर मानसोपचार तज्ज्ञाला दाखवावे. ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या नंबरवर मोफत, चोवीस तास आहे. मराठीत बोलता येते. मूल "जगावंसं वाटत नाही" म्हणाले, तर रागावू नका, त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.