बियाण्यासोबत येणारे बिनबोलावलेले पाहुणे

पुण्यात १९५० च्या दशकात नोंद झालेले गाजर गवत परदेशी गव्हाबरोबर आले, असे मानले जाते. आज ते देशभर बांधाबांधावर माजले आहे. गहू निदान खाण्यासाठी होता. बियाणे तर थेट मातीतच जाते. त्यासोबत आलेल्या किडीला, बुरशीला, विषाणूला किंवा तणाच्या बीला आयते शेत मिळते.

म्हणूनच १९१४ च्या कीड-रोगविषयक कायद्याखाली २००३ चा वनस्पती संगरोध आदेश निघाला. पेरणीचे बियाणे आणायचे तर आधी आयात परवाना घ्यावा लागतो आणि निर्यातदार देशाचे पीक-आरोग्य प्रमाणपत्रही लागते. माल बंदरात किंवा विमानतळावर उतरला की नमुने तपासले जातात. कीड सापडली तर धुरी देतात. तेवढ्याने भागत नसेल तर माल परत जातो किंवा नष्ट होतो. काही वाणांची रोपे आधी वेगळ्या जागी वाढवून पाहतात, कारण कोरड्या दाण्यात दडलेला विषाणू डोळ्यांना दिसत नाही. त्याची खूण पानावर उमटते.

हे नियम टपालाने येणाऱ्या छोट्या पाकिटालाही लागू आहेत. तेव्हा परदेशातून परतताना हौसेखातर बॅगेत बिया टाकू नका.