तांबुलाच्या दुकानातील वार्ता

माहूरगडावर रेणुकामातेच्या दर्शनास जाणाऱ्या वाटेवर, जेथे खलबत्त्यात विड्याची पाने, कात आणि सुपारी एकजीव होईतो कुटून प्रसादाचा तांबूल सिद्ध होतो, तेथे दहा मिनिटे उभे राहिले असता चित्रपटसृष्टीत कोणाचे लग्न ठरले, कोणाचे मोडले आणि कोण अंथरुणाला खिळले याची साद्यंत कैफियत कानी पडते. नटनटींविषयी बोलणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग होय, असे पुष्कळ सुशिक्षित समजतात. मला ते मुळीच मान्य नाही. ज्यांची आपली कधी गाठ पडणार नाही, त्यांच्या सुखदुःखाची चौकशी करण्यात निखळ जिव्हाळा असतो. परंतु जिव्हाळ्याच्या माणसाविषयी खोटे पसरू नये, म्हणून काही वार्तांची रुजुवात येथे घालतो.

एकच बातमी चौघांकडून आली की ती खरी, हा सर्वांत घातक समज. २३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री विक्रम गोखले निवर्तल्याची वार्ता पसरली आणि चित्रपटसृष्टीतील नामवंतांनीही श्रद्धांजली वाहिली; वस्तुतः ते तेव्हा पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात मृत्यूशी झुंजत होते, आणि ते हयात आहेत असा खुलासा करण्याची पाळी कुटुंबीयांवर आली. त्यांचे निधन झाले ते २६ तारखेला. चार साक्षीदार एकाचेच ऐकून बोलत असतील, तर चावडीवरही ती साक्ष एकाचीच धरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये श्रेयस तळपदे यांना तर आपण जिवंत असल्याचे स्वतःच जाहीर करावे लागले.

दुसरा समज निळू फुले यांच्याविषयीचा. तांबूल कुटणाऱ्या मावशींपाशी त्यांचे नाव काढताच बत्ता हवेतच थांबला आणि त्या म्हणाल्या, "नाव नका काढू त्या मेल्याचं, किती बायकांचे तळतळाट घेतले त्यानं!" मी त्यांना सांगितले, की पडद्यावरचा हा खलपुरुष तरुणपणी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करी, राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढला, कलापथकांतून लोकनाट्ये करीत 'एक गाव बारा भानगडी'द्वारे १९६८ साली चित्रपटात आला, आणि पुढे अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीत व डॉ. श्रीराम लागू यांच्यासमवेत सामाजिक कृतज्ञता निधीसाठी झटला. 'सामना'तील साखरसम्राट हिंदुराव जितका खरा वाटतो, तितकाच 'सिंहासन'मधील पत्रकार दिगू टिपणीसही; आणि दोन्ही भूमिका एकाच देहाने वठवल्या आहेत. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग "माळीकाम करायचा म्हणता?" एवढेच विचारून त्यांनी पुन्हा कुटावयास घेतले. मला वाटते, ज्या अभिनेत्याला लोकांनी असे मनापासून शिव्याशाप दिले, त्याला त्याहून मोठी सनद कोणत्या दरबारातून मिळाली नसती.

ललिता पवार यांचा तो बारीक झालेला डोळा जन्मजात, किंवा दुष्ट सासू वठविण्याची युक्ती, असे सांगणारेही भेटतात. १९४२ साली एका चित्रीकरणात भगवानदादांची चपराक जोरात बसल्याने ती इजा झाली व उपचारांत वर्षे गेली. नायिकेच्या भूमिका त्यामुळे सुटल्या, तरीही या बाई खचल्या नाहीत. 'अनाडी'तील त्यांची मायाळू मिसेस डिसा ज्याने पाहिली, तो त्यांना नुसती खाष्ट सासू म्हणणार नाही.

आणि खुद्द आमच्या माहूरची, साडेतीनशे वर्षांपूर्वीची विख्यात स्त्री? रायबागन हे तिचे नाव, असे येथेही कित्येकांना वाटते. तो मोगल दरबारचा किताब, राजव्याघ्री या अर्थाचा. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाची फौज शिवाजीमहाराजांच्या वेढ्यात सापडली तेव्हा ती त्या फौजेत होती, आणि खानाने शरण जावे असा शहाणा सल्ला तिनेच दिल्याचे परमानंदाच्या 'शिवभारता'त नमूद आहे.

माझी पुडी बांधून मावशी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. दोन पायऱ्या उतरलो तोच मागून त्यांचा आवाज आला, "रायबागन नाव नव्हतं बरं का, किताब होता."