उपग्रह आकाशात, आकडेमोड जमिनीवर

पुणे-सोलापूर महामार्गावर, पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर, दौंड तालुक्यातील वरवंड हे गाव लागते. पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात ऊस उभा राहतो तो पावसाच्या नव्हे, खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्याच्या भरवशावर. आवर्तन आले की वरवंडचा तलाव भरतो. ते लांबले की तळ दिसू लागतो. पुणे शहराची तहान आणि दौंड-इंदापूरची शेती यांच्यामध्ये या पाण्याची ओढाताण वर्षानुवर्षे चालत आली आहे. अशा गावास तलावात आज पाणी किती आणि शिवारात ऊस किती, हे प्रश्न कुतूहलाचे नसून उदरनिर्वाहाचे असतात. या प्रश्नांची उत्तरे आता आकाशातून फिरणारे उपग्रह देतात, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे आहे. परंतु अर्धेच खरे आहे.

उपग्रह उत्तर देत नाही, तो आकडे देतो. युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह जोडीने दर पाच दिवसांनी एकाच भूभागावरून जातात आणि प्रकाशाच्या १३ तरंगपट्ट्यांत त्याची नोंद घेतात. त्यांतील सूक्ष्मतम पट्ट्यांत एक ठिपका म्हणजे १० मीटर लांब व १० मीटर रुंद एवढी जमीन. शंभर ठिपक्यांचे एक हेक्टर. तलावाच्या पाण्यावर पडलेले ठिपके मोजले की जलविस्तार कळतो, आणि तलावाच्या खोलीचा तक्ता हाताशी असला की त्यावरून साठ्याचा अंदाज बांधता येतो. हिशेब शाळकरी वाटतो खरा. परंतु ही चित्रे सुमारे ११० किलोमीटरांच्या चौकोनांत वाटली जातात आणि अशा एकाच चौकोनात, एकाच तरंगपट्ट्यात, १२ कोटी ठिपके असतात. ऊस आणि इतर पिके वेगळी ओळखावयाची तर एक चित्र पुरत नाही. वर्षभराची चित्रे एकावर एक ठेवून प्रत्येक ठिपक्याचा हिरवेपणा कसा चढला व उतरला, हे तपासावे लागते.

त्यातच पावसाळ्याचे चार महिने ढग आड येतात. साध्या प्रकाशावर विसंबणारा उपग्रह नेमका तेव्हाच आंधळा होतो. ढगांना भेदून पाहते ते रडार. भारताची इस्रो आणि अमेरिकेची नासा यांनी संयुक्तपणे घडविलेला निसार हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. १२ मीटर व्यासाचा अँटेना पसरून तो दोन वेगवेगळ्या लांबीच्या लहरींनी जमीन न्याहाळतो आणि दर १२ दिवसांत दोनदा त्याच भूमीची नोंद घेतो. मात्र रडारकडून येणारा कच्चा संदेश म्हणजे चित्र नव्हे, तो प्रतिध्वनींचा ढीग असतो. प्रत्येक प्रतिध्वनी केव्हा परतला आणि त्या क्षणी उपग्रह नेमका कोठे होता, याचा मेळ घालीत प्रचंड गणित केल्यावरच त्या ढिगातून शेत, तलाव आणि रस्ता प्रकट होतात.

तारेवरचा हिशेब

निसारपासून तयार होणारी माहिती दिवसाला सुमारे ८० टेराबाइट असेल, असा नासाचा अंदाज आहे. हा आकडा डोळ्यांपुढे आणावयाचा तर साधे त्रैराशिक मांडावे. सेकंदाला १० मेगाबिट वाहून नेणारी तारजोडणी एखाद्या ग्रामीण महाविद्यालयाकडे आहे असे धरले, तर केवळ एका दिवसाची माहिती उतरवून घेण्यास तिला सुमारे ७४० दिवस, म्हणजे दोन वर्षे लागतील. दहापट वेगाची तार आणली तरी अडीच महिने हवेत. अर्थात वरवंडच्या अभ्यासकास सगळ्या पृथ्वीची माहिती नको असते. परंतु भीमा खोऱ्याची काही वर्षांची माहितीदेखील साध्या तारेस आणि साध्या संगणकास जड जाते. म्हणूनच या शास्त्राची रीत अलीकडे उलटली आहे. माहिती संगणकाकडे नेण्याऐवजी संगणन माहितीकडे न्यावयाचे. माहितीचे कोठार जेथे असेल तेथेच गणित करावयाचे आणि तारेवरून केवळ उत्तर मागवावयाचे, ही ती नवी रीत होय.

पृथ्वीनिरीक्षणाचा खर्च उपग्रह आणि अग्निबाण यांवर संपत नाही, हे यावरून ध्यानी यावे. ध्रुवीय कक्षेतील उपग्रह भारतावरून दिवसाकाठी मोजक्याच वेळा जातो. म्हणून त्याची माहिती अधिक वेळा उतरवून घेण्यासाठी अंटार्क्टिकावरील भारती तळापाशी भारतास ग्रहणकेंद्र उभारावे लागले. तेथून ती माहिती दुसऱ्या उपग्रहाच्या मार्गे हैदराबादजवळील शादनगरला येते. कोठार, तारा, संगणक आणि तो चालविणारी माणसे ही साखळी अखंड असेल तरच आकाशातील डोळ्याचा उपयोग.

पुणे जिल्ह्याचा अनुभव

हा धडा पुणे जिल्ह्यास नवा नाही. नारायणगावजवळील आर्वी येथे १९७१ साली विक्रम भूकेंद्र सुरू झाले आणि उपग्रहाद्वारे दळणवळणाचे पर्व जिल्ह्याच्या दारी आले. पुढे १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा भारताचा दूरसंवेदन उपग्रह बैकानूरहून कक्षेत गेला आणि देशास स्वतःचा डोळा मिळाला. बुद्धीच्या बाबतीत मात्र परावलंबन उरले. त्याच सुमारास अमेरिकेने भारतास हवामानाच्या कामासाठी क्रे कंपनीचा तुलनेने कमी ताकदीचा महासंगणक देऊ केला आणि अधिक शक्तिशाली यंत्र नाकारले. त्या नकाराचे उत्तर म्हणून १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सीडॅक, स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० साकार झाला.

आज पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ साली आलेल्या प्रत्यूषनंतर २०२४ साली अर्क हा ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक दाखल झाला आहे. त्याच्या बळावर मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरांच्या चौकटींवर चालणारी भारत पूर्वानुमान प्रणाली सुरू झाली. पूर्वी ही चौकट सुमारे १२ किलोमीटरांची होती. चौकट अर्ध्यावर आणली की चौकटींची संख्या चौपट होते, आणि गणिताची पावलेही दुप्पट टाकावी लागतात. म्हणजे आकडेमोड आठपट होते. गावाच्या जवळ जाण्याचे मोल हे असे मोजावे लागते.

ज्ञान कोणाच्या हाती?

राष्ट्रीय पातळीवरील ही प्रगती अभिमानास्पद आहे यात शंका नाही. प्रश्न आहे तो तिच्या वाटपाचा. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचे एकेक चित्र एके काळी सुमारे ६०० डॉलरांना मिळे. २००८ साली सारे भांडार विनामूल्य खुले झाले आणि वापर अनेक पटींनी वाढला. भारतानेही २०२३ च्या अंतराळ धोरणात पाच मीटर वा त्याहून ढोबळ चित्रे खुली करण्याचे ठरविले. किमतीची भिंत पडली, परंतु संगणनाची भिंत उभी राहिली. चित्र फुकट मिळते. ते साठविण्यास जागा, उतरविण्यास तार आणि उलगडण्यास विद्या मात्र फुकट मिळत नाही. आज अनेक अभ्यासक परदेशी कंपन्यांच्या संगणककोठारांत आपली आकडेमोड करतात. ती सोय मोठी आहे. पण सोय देणारा अटीही घालू शकतो, हे क्रेच्या अनुभवानंतर निराळे सांगावयास नको.

गावपातळीवर या उठाठेवीची गरजच काय, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर वरवंडच्या शिवारातच आहे. उपग्रहाने ऊस म्हणून ओळखलेले शेत खरोखर उसाचे आहे काय, हे बांधावर उभ्या असलेल्या माणसासच ठाऊक असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः आपल्या पिकाची नोंद भ्रमणध्वनीवरून करतो. या नोंदी खऱ्या असतील तर त्यांच्याइतकी मोलाची कसोटी कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही. म्हणजे गाव हे केवळ उत्तर घेणारे ठिकाण नाही. ते या शास्त्राला पुरावा पुरविणारे ठिकाण आहे. पुरावा गावाने द्यावा आणि निष्कर्ष दूरच्या कचेरीतून यावा, ही विभागणी न्याय्य म्हणता येणार नाही.

यावर उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक तालुक्यास महासंगणक नको. देशातील माहितीकोठारांपाशीच महाविद्यालयांना आकडेमोडीसाठी राखीव वाटा हवा आणि त्या कोठारापर्यंत पोहोचणारी, न तुटणारी तार हवी. त्याहून अधिक, ठिपक्यांतून तलाव ओळखण्याची विद्या भूगोल आणि गणित यांच्या वर्गांत मराठीतून शिकविणारे शिक्षक हवेत. तलाव भरला की रिकामा, हे वरवंडच्या विद्यार्थ्याने एकदा स्वतः मोजून पाहिले, तर पाण्याच्या बैठकीत त्याचा बाप केवळ गाऱ्हाणे घेऊन जाणार नाही, हिशेब घेऊन जाईल. पाण्याच्या भांडणात हिशेब ज्याच्या हाती, त्याच्या शब्दास वजन येते.