दाणा, अंडं आणि आपली देणगी



यंदाच्या मदतनिधीतून गावाकडच्या बचत गटांतल्या महिलांना परसात पाळण्यासाठी कोंबड्या द्यायच्या आहेत, हे आपणांस ठाऊक आहेच. "दहा-दहा पिल्लं वाटली की झालं, त्यात काय एवढं?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले, कोंबडीशी आमचा संबंध ताटापुरता! पण पैसा सगळ्यांचा आहे, म्हणून जरा अभ्यास केला. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. पिल्लू ही फक्त सुरुवात आहे. कोंबडी काय खाते आणि अंडं कसं ठेवलं जातं, यावर त्या घराचा नफा-तोटा ठरतो.

आधी खाण्याचं बघू. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. खाल्लेलं सगळंच अंगी लागत नाही, त्यामुळे जवळजवळ रोज अंडं देणाऱ्या कोंबडीला दिवसाला 4 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. ते मिळालं नाही तर ती स्वतःच्या हाडांतून काढते. मग कवच पातळ होतं, अंडी फुटतात आणि कोंबडीही अधू होते. कवच तयार व्हायला वीसेक तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री चालतं. म्हणून संध्याकाळी शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा जाडसर चुरा ठेवायचा. तो हळूहळू विरघळतो आणि रात्रभर पुरतो.

दुसरी गरज प्रथिनांची. परसातली कोंबडी किडे-मुंग्या आणि सांडलेले दाणे टिपते, पण उन्हाळ्यात हे सगळं आटतं. नुसत्या कण्या किंवा ज्वारी टाकली तर पोट भरतं, प्रथिनं मात्र कमी पडतात. भरपूर अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिनं लागतात, म्हणून मक्याच्या भरड्यात सोयाबीनची पेंड मिसळतात.

इथे एक धोका आहे, तो म्हणजे ओल. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की अचानक मेल्या. शोध घेतल्यावर दोष निघाला शेंगदाण्याच्या पेंडीवरच्या बुरशीचा. त्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळालं. ते यकृतावर घाला घालतं आणि शिजवूनही पुरतं जात नाही. आमच्या भाषेत 'गार्बेज इन, गार्बेज आउट'! म्हणजे पावसाळ्यात खाद्याचं पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवणं हासुद्धा प्रकल्पाचाच भाग झाला.

आता थोडं वनस्पतींबद्दल. पिवळ्या बलकाचा रंग कोंबडी स्वतः बनवत नाही, तो खाद्यातून येतो. पिवळा मका, हिरवा पाला आणि झेंडूच्या पाकळ्या यांतलं ल्युटिन बलकात उतरतं. रंग गडद म्हणून अंडं जास्त पौष्टिक, असं मात्र नाही. हळदीतल्या कर्क्युमिनवर कोंबड्यांच्या खाद्यात बरेच प्रयोग झाले आहेत. पण राणीखेत, म्हणजे मानमोडीची साथ आली तर हळद खुराडं वाचवत नाही, तिथे लसच लागते. आणि लस थंड ठेवली नाही तर तीही वाया जाते.

शेवटी साठवण. आपण इथे अमेरिकेत फ्रीजमधली अंडी घेतो, गावात ती टोपलीत असतात. कारण सोपं आहे. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि त्यांवर एक नैसर्गिक थर असतो. इथे अंडी धुतात, त्यात तो थर जातो, म्हणून ती 45 अंश फॅरनहाइट किंवा त्याखाली ठेवावी लागतात. गावात फ्रीज नसेल तर अंडी धुवायचीच नाहीत, कोरड्या फडक्यानं पुसायची. दिवसातून दोनदा गोळा करायची आणि ओल्या वाळूत बसवलेल्या माठात, रुंद टोक वर करून ठेवायची. कोंबडा सोबत असेल तर अंडी फलित असतात आणि मे महिन्याच्या उकाड्यात आत गर्भ वाढू लागतो. अशी अंडी गिऱ्हाईक एकदा घेईल, पुन्हा येणार नाही.

अंडं पाण्यात टाकून बघायची आजीची रीतही शास्त्राला धरून आहे. दिवस जातील तसं आतलं पाणी उडतं, रुंद टोकाची हवेची पोकळी वाढते आणि जुनं अंडं तरंगतं.

एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात. दोन अंडी बाजारात गेली आणि एक घरातल्या लेकराच्या ताटात पडलं, तरच आपली मदत पोचली म्हणायची. तेव्हा मंडळी, आमचं आग्रहाचं सांगणं एवढंच, की देणगी देताना "फक्त पिल्लांसाठी" अशी अट घालू नका. खाद्याचं पोतं, शिंपल्यांचा चुरा, लस आणि माठ यांनाही त्यात जागा ठेवा. फोटोत पिल्लंच छान दिसतात हे खरं, पण त्या माउलीचा संसार या बाकीच्या गोष्टींवर चालणार आहे.